ताप उतरू नये म्हणून

लग्नानंतरची पहिली कैक वर्षं हे लोणावळ्याला होते आणि मी पवन मावळात, मध्ये लोहगड. हे बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. कंपाउंडर म्हणजे काय, ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. आता औषधं तयार डब्यांतून येतात. तेव्हा डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत आणि कंपाउंडर ते खलात घोटून, मापाच्या ग्लासात मोजून, पाण्यात मिसळून द्यायचा. पुड्या बांधायचा तोच, मलम कालवायचा तोच आणि बाटल्या धुवायचाही तोच. शिवाय आमच्या डॉक्टरांची अट अशी, की कंपाउंडरनं राहायचंही दवाखान्यातच. रेल्वेच्या शेडमध्ये केव्हा कुणाचा हात चेपेल, केव्हा कुणाला भाजेल, याचा नेम नसे. आधीचा कंपाउंडर बिऱ्हाड करून राहिला होता आणि हाक मारली की म्हणे कधीच जागेवर नसायचा. तेव्हापासून डॉक्टरांनी कानाला खडा लावला. नवा माणूस एकटा हवा आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत निजणारा हवा.

मला नवरा मिळाला तो असा, दवाखान्यासकट. लोक म्हणत, नशीब काढलंस पोरी, नवऱ्याचा पाय चिखलात नाही. नशीब काढलं होतं खरं, पण ते लोणावळ्याला ठेवलेलं होतं.

हे दिवाळीला येत, गावच्या जत्रेला येत. भातलावणीला यावं म्हटलं तर पावसात लोकांचे ताप सुरू होत, म्हणून येत नसत. आले की ओट्यावर गाव गोळा व्हायचं. कुणी जीभ दाखवी, कुणी पोट दाखवी, कुणी म्हशीचंही दुखणं सांगे. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे माझ्या वाट्याला यायची ती यांची पाठ. मी उंबऱ्याआडून ती पाहत बसे. बोलणं म्हणजे 'मीठ दे' आणि 'बैलांना पाणी दाखवलं का', यापलीकडे यांच्या तोंडून काही निघत नसे. माझाही तोरा असा, की मी आपणहून विचारायची नाही. मग परत जायचा दिवस उजाडे.

पत्राची सोय नव्हती. मला अक्षर येत नव्हतं. पत्र आलं असतं तर ते चावडीवरच्या कुणीतरी सगळ्या घराला वाचून दाखवलं असतं. त्यात नवरा बायकोला काय लिहिणार? खुशाली आणि आशीर्वाद.

लोहगडवाडीची एक मावशी होती. नात्याची नव्हे, सगळ्या मावळाची मावशी. डोंगरातली करवंदं, जांभळं, पत्रावळीची पानं पाटीत घालून ती लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकायला जाई. बाजाराच्या आधी आमच्या गावात तांदूळ न्यायला उतरे आणि जाताना घराघरांतल्या बाटल्या घेऊन जाई. दवाखान्यात औषध हवं तर बाटली आपली न्यावी लागे. कुणाची बाटली रॉकेलची, कुणाची तेलाची, कुणाची मधाची. हे त्या सगळ्या सोड्यानं धुऊन काढत. ते पुढं मला सांगत, की बाटली हुंगली की ती कुठल्या घरची, हे त्यांना कळायचं.

एकदा सासूबाईंना खोकला झाला म्हणून आमची तेलाची बाटली गेली. ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, इतकी ती लख्ख झाली होती. तोंडाला नवं बूच होतं. अंगाला कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि तिला कात्रीनं दाते पाडलेले. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत एक डोस. ते दाते इतके सारखे होते की मी बोट फिरवून पाहिलं. ही पट्टी यांनी कातरली, यांनी चिकटवली, हा अंगठा इथं दाबला असेल. सासूबाईंचा खोकला गेला आणि बाटली रिकामी होऊन कोनाड्यात बसली.

पुढच्या बाजाराला मावशी आली, तेव्हा मी ती बाटली तिच्या पाटीत ठेवली.

"काय व्हतंया गं तुला?" तिनं विचारलं.

"काय न्हाई."

"मग बाटली कशापायी?"

"न्या की तुमी. त्यास्नी कळंल."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि ती पेंढ्यात नीट खोचली.

बाटली भरून आली. आत लालसर पाणी होतं. मी चुलीपुढं बसून जिभेला लावलं, तर गोड. संत्र्याच्या सालीची चव, मागून बडीशेप. "जेवल्यावर घ्यायचं म्हनत्यात, हलवून," मावशीनं सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "इचारत व्हते, काय झालंया. म्या म्हनलं, काय बी न्हाई झालं, नुसती बाटली धाडलीया. तर लय येळ बाटली हातात धरून हुबं ऱ्हायले."

तेव्हापासून आमचं सुरू झालं. बाटली जायची, बाटली यायची. पुढच्या खेपेला पट्टीचे दाते बारीक झाले, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी बारीक. एक डोस म्हणजे जिभेला नुसता ओलावा. बाजारापासून बाजारापर्यंत बाटली पुरावी म्हणून ती युक्ती होती, आणि ती माझ्या ध्यानात आल्यावर मी चुलीपुढं एकटीच हसले.

सासूबाईंना वाटे, सून आजारी आहे. "सदा औसद पितीया, पर अंगाला म्हनून लागत न्हाई," असं त्या शेजारणींना सांगत. पाणवठ्यावर कुजबुज होई, की हिच्या पोटातच काही दुखणं असणार, म्हणून मूलबाळ नाही. मला राग यायचा. मूल काय बाटलीतून येणार होतं? पण खरं सांगायची सोय नव्हती. आजारी ठरणं परवडलं, पण औषधाच्या नावाखाली सरबत पिते हे कळलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता.

मला यांची आठवण फार यायची. भात कांडताना, सारवताना, कुठंही यायची, आणि आली की हातातलं काम तसंच राहायचं. सगळ्यांत वाईट हे, की चेहरा आठवायचा नाही. दिवाळी मागं पडली की चेहरा पुसट व्हायचा, सदऱ्याला येणारा दवाखान्यातल्या कार्बोलिकचा वास तेवढा राहायचा. मला ते एका छपराखाली हवे होते. सकाळी उठून दिसावेत, संध्याकाळी जेवायला वाढावं, एवढंच. हे माझं देवाजवळ मागून झालं होतं, मावशीजवळ बोलून झालं होतं. दर दिवाळीला निघताना हे पुटपुटत, "डॉक्टरांना इचारतो खोलीचं." पुढच्या दिवाळीला त्यावर अवाक्षर नाही. हे विचारतच नसावेत, असा माझा संशय होता. त्या नोकरीवर यांचा जीव होता, आणि जीव एका जागी असला की माणूस दुसऱ्या जागेची निकड धरत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका वर्षी भाताला लोंब्या धरायच्या दिवसांत मला हिवतापानं धरलं. आता खरीखुरी आजारी पडले, आणि नेमकी मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. सासूबाईंनी बाटली कोंबड्या विकायला निघालेल्या एका गड्याजवळ दिली. तो बिचारा कोंबड्यांच्या भानगडीत. त्यानं दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत बाटली सरकवली आणि म्हणाला, औषध द्या. यांनी बाटली ओळखली आणि नेहमीचं भरून दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? त्या बाटलीला आम्ही दोघांनी तेवढंच बोलायला शिकवलं होतं.

बाटली आली तेव्हा मला थंडी भरली होती. अंगावर दोन गोधड्या, दातांवर दात आपटत होते, आणि तोंडात संत्र्याची गोडी. मला हसू आलं, मग रडू आलं. कुणाला सांगणार, की हे औषध नाही म्हणून?

ताप उतरेना, तेव्हा सासूबाईच वैतागल्या. "समद्या मावळाला त्येच्या हातचा गुन येतो आन तुलाच येत न्हाई म्हंजी काय," त्या म्हणाल्या. "आता तूच जा दवाखान्यात. एकदाचं काय ते दाखीव." मी मान खाली घातली, कारण तोंडावरचा आनंद लपवायला दुसरी जागा नव्हती.

मावशी तोवर परतली होती. माझा ताप एक दिवसाआड यायचा, मधल्या दिवशी मी धडधाकट. त्या मधल्या दिवशी आम्ही वाडीपर्यंत चढलो, तिच्या झोपडीत मुक्काम केला, आणि सकाळी खिंड उतरून मळवलीला गाडी धरली. बाटली मी घरीच ठेवली. तिच्यात अजून गोड पाणी होतं, आणि ते फेकून द्यायला माझा हात धजला नव्हता.

बाजाराचा दिवस. डॉक्टर कुठल्याशा बंगल्यावर गेलेले. जुने पेशंट तेच औषध पुन्हा घ्यायला खिडकीपुढं रांगेत उभे होते. मावशी पानांची गिऱ्हाइकं पाहायला गेली आणि मी रांगेत उभी राहिले. सरळ आत जाता आलं असतं, पण मला एकदा ती खिडकी पाहायची होती. फळ्यांच्या भिंतीत छातीच्या उंचीवर कापलेला एक चौकोन, एवढीच ती. आतल्याला बाहेरच्याचा हात दिसावा, बाहेरच्याला आतल्याचा. बाकी काही दिसत नव्हतं. पण आवाज ऐकू येत होता.

यांचा आवाज. माझ्या पुढं एक म्हातारा होता. "आबा, जुलाब थांबलं का? ताक घेता न्हवं? घाईनं चालू नगा, चक्कर ईल." मग एक बाई, तान्ह्या लेकराला घेऊन. "रडू नगा बाई, पोर हुशार हाय. ह्या पुडीतलं चिमूटभर मधातनं चाटवा. मध हाय का घरात? नसंल तर गुळाचं पानी." एकेकाशी असं सावकाश, जसं काही मागं रांग नव्हतीच. मी ऐकत राहिले. एवढं बोलता येतं या माणसाला. सगळ्या मावळाशी बोलतो आणि माझ्या वाट्याला मीठ आणि बैल. मला मत्सर वाटला, त्या म्हाताऱ्याचासुद्धा.

माझी पाळी आली. मी फळीवर हात ठेवला.

"चिठ्ठी?"

"न्हाई."

"बाटली?"

"घरीच ऱ्हायली."

"असू द्या. काय व्हतंय, बाई?"

तापानं माझा घसा बसला होता आणि रस्त्यावर बाजाराचा गलका होता. यांनी मला ओळखलं नाही. मी सांगायला हवं होतं. पण तो आवाज माझ्याशी बोलत होता, आणि तो थांबावा असं मला वाटेना.

"थंडी भरती," मी म्हटलं. "मग ताप."

"रोज?"

"एक दिसाआड. आज पाळी हाय."

"कुटनं आला?"

"खिंडीपल्याडनं."

"अशा अंगानं खिंड चढून? कुनी धाडलं तुमाला?" आवाजात खरीच काळजी होती. "जेवान जातं का?"

"न्हाई जात."

"झोप?"

"न्हाई लागत."

"कवापास्नं?"

"लगीन झाल्यापास्नं."

आत खलाचा आवाज चालला होता, तो मंद झाला.

"मालक काय करत्यात?"

"लोकांस्नी औसद देत्यात."

खल थांबला. मग त्या चौकोनात आधी हनुवटी दिसली आणि मग वाकून पाहणारे डोळे. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दिवसाढवळ्या, भर बाजारात, पहिल्यांदाच.

"मागल्या दारानं ये," हे म्हणाले. आणि मान वर करून पुढच्याला विचारलं, "चिठ्ठी?"

मी मागं गेले आणि पेंढ्याच्या एका खोक्यावर बसले. हे आले नाहीत. रांग संपेपर्यंत येणार नाहीत हे मला दिसत होतं, म्हणून मी पाहत बसले. जमीन ओली होती, बाटल्या धुवून धुवून कायमची ओली, आणि तीवर हे अनवाणी उभे. पाय सुजलेले. सोड्यानं बोटांची सालं गेलेली. खोलीत एकच खुर्ची, तीवर खोकी रचलेली. ती माणसासाठी नव्हतीच. फडताळाच्या कडेला अर्धी भाकरी होती, तिचा तुकडा हे दोन बाटल्यांच्या मधे मोडून तोंडात टाकत. ती खाताना काही कळत असेल असं वाटलं नाही. आणि तरीही हे गुणगुणत होते. ग्लास डोळ्यांसमोर उजेडात धरत, थेंब टाकत, पुन्हा धरत, आणि माप बरोबर रेघेवर आलं की मान किंचित हलवत. शेतात मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं. माझी सवत मला त्या दिवशी दिसली. ती चौकोनी होती. तिच्यावर दात धरावा, तर तिच्यापुढं उभ्या असलेल्या बायाबापड्यांचा काय दोष होता?

थंडी भरू लागली होती, तेवढ्यात डॉक्टर परत आले. हॅट काढता काढता त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"ह्या कोण?"

हे क्षणभर घुटमळले. "पेशंट आहे, साहेब. हिवताप."

अंगात हुडहुडी भरली होती, तरी ते वाक्य मला लागलं. बायको म्हटलं असतं तर डॉक्टरांना बिऱ्हाड आल्याचा संशय आला असता, पेशंट म्हटल्यामुळे खाट मिळाली, हे यांनी नंतर मला समजावलं. पटलं, पण लागलं ते लागलंच.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पानथरी सुजलीय का ते पाहिलं. "लांबून आल्यात ना? मग मागच्या पडवीत खाट आहे, तिथे राहू द्या," ते म्हणाले. "ताप मोडेपर्यंत खिंड चढायची नाही. मोडला की जाऊ दे. आणि कंपाउंडर, डोस तुम्ही स्वतः पाजा. ह्या बायका घरी सांगतात घेतलं आणि ओतून टाकतात." त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. तो माणूस खोल होता.

मावशीनं सांगितलं, मी पुढच्या बाजाराला येते, बरी झालीस तर घेऊन जाईन. आणि ती गेली.

ते दिवस मी कसे सांगू? खाटेवर पडलं की उघड्या दारातून हे दिसत. सकाळी हे स्पिरिटच्या शेगडीवर माझ्यासाठी भाताची पेज करत आणि तीही ग्लासानं मोजून घालत. मग हिवतापावरच्या कोयनेलचा डोस. इतकं कडू, की कानांतून घुंई घुंई आवाज यायचा. "गोड न्हाई का जमलं?" मी विचारी. हे हसत. हसले की गालाला खळी पडते, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. ताप नसलेल्या दिवशी मी बाटल्या धुतल्या, पट्ट्या कातरल्या. माझे दाते वाकडे पडत. हे ते काढून टाकत आणि पुन्हा कात्री हातात देत, पण ओरडत नसत. दुपारी खिडकी रिकामी असली की खोक्यावर बसून आम्ही बोलायचो. लपून नाही, कुजबुजून नाही, माणसं बोलतात तसं.

"हितं पाय सुजत्यात, हात सोलवटत्यात," मी एकदा म्हटलं. "काय गोड वाटतं तुमास्नी हितलं?"

हे म्हणाले, "शेतात माझ्या हातनं कंदी सरळ वाफा झाला न्हाई. हितं हात बरोबर पडतो. पुडी बांधताना वाटतं, हिनं जाईल ह्येचं दुखनं." मग म्हणाले, "पर एक हाय. बरं झालेलं मानूस खिडकीशी येत न्हाई. ज्येला गुन आला ते आपल्या वावरात असतं, ते कशाला येतंय परत? मला सदा भेटतं ते बरं न झालेलं. इतक्या बाटल्या भरल्या म्या, पर त्यातनं येक बी मानूस बरं व्हताना ह्या डोळ्यांनी बघितलं न्हाई."

मी त्यांच्या बोटांवरची सालं पाहत होते. मग मला राहवलं नाही. "डॉक्टरांस्नी खोलीचं इचारलं व्हतं का कंदी?"

"इचारलं व्हतं. पहिल्याच साली," हे म्हणाले. "म्हनले, बिऱ्हाड करायचं आसंल तर म्या दुसरा बघतो. मग तुला काय तोंडानं सांगू?"

म्हणजे विचारलं होतं. खोली मिळाली नव्हती ती नव्हतीच, पण मला त्या उत्तराचं इतकं सुख झालं, की मी उठून उगाच चार बाटल्या पुन्हा धुतल्या.

खोली आम्हाला मिळाली, पण फार पुढं, लढाईच्या दिवसांत, कामाला माणूस मिळेनासं झालं तेव्हा. संसार झाला, मुलं झाली. लेबलं वाचता वाचता मी अक्षर शिकले. आता हे नाहीत. मला कुणी विचारलं, त्या सगळ्यातलं काय परत हवं, तर मी खोली मागणार नाही. पडवीतली ती खाट मागेन, कोयनेलसकट.

त्या खाटेवर तापाची एक पाळी हलकी येऊन गेली होती. आता पुढची पाळी होती, आणि बाजार तोंडावर आला होता. ताप आला तर राहायचं, नाही आला तर मावशीबरोबर निघायचं. सकाळचा डोस मोरीत ओतावा, असं माझ्या मनात येऊन गेलं. हे खिडकीशी होते, कुणी पाहत नव्हतं. पण तो यांनी घोटलेला होता, उजेडात धरून थेंब मोजून केलेला. माझ्यानं ओतवेना. मी तो प्याले, तळाशी राहिलेलाही बोटानं निपटून.

दुपार झाली. ऊन पडवीच्या खांबाशी आलं की थंडी सुरू व्हायची. मी गोधडी पांघरून बसले आणि वाट पाहू लागले. तापाची अशी वाट कुणी पाहिली नसेल. ये, मी म्हटलं, थोडासा ये. डॉक्टरांनी मनगट धरलं तर त्यांना कळावा, एवढाच ये. मी पाय गार जमिनीवर टेकवले, अंगावर काटा येतोय का म्हणून दंड पाहिले. काही नाही. वारा आला तर तोही चांगला वाटला, आणि मला भूक लागली. भूक लागली तेव्हाच मी ओळखलं.

खिडकीशी माणसं होती, पण हे मधूनच मागं वाकून माझ्याकडे पाहत. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. ऊन खांब सोडून पुढं सरकलं. मग खिडकीशी कुणी उरलं नाही, तेव्हा हात पुसत हे पडवीत आले आणि खाटेच्या कडेला टेकले. माझ्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याशी, मग पुन्हा कपाळावर.

"न्हाई आला," हे म्हणाले.

"न्हाई."

"येळ टळून गेली न्हवं?"

"गेली."

"लागू पडलं," हे म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. त्यांचा सगळा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत बरं होताना पाहिलेलं त्यांचं पहिलं माणूस मी होते, आणि त्या आनंदात दुसरं काही त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "बग की, अंग कसं गार हाय. लागू पडलं."

"व्हय," मी म्हटलं. "लय गुन हाय तुमच्या हाताला."

माझा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

खिडकीच्या फळीवर कुणीतरी बाटली वाजवली. हे हलले नाहीत. बाटली पुन्हा वाजली.

"जावा," मी म्हटलं. "मानूस हुबं हाय."

"ऱ्हाऊ दे हुबं," हे म्हणाले, आणि त्यांनी कपाळावरचा हात काढला नाही.